माळ्यावरच्या ठोकळ्यांची गोष्ट

 

नवरात्राच्या आधी आपल्याकडे घरोघरी दसरा काढतात. गोधड्या-वाकळा धुवायला निघतात, भिंती पोतारल्या जातात, आणि वर्षभर कोणी हात न लावलेली माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. त्या पेटीत काय काय निघतं हे तुम्हाला मी सांगायला नको. लग्नातली पितळी भांडी, लेकराचं कुंची-टोपडं, फुटकी पाटी, कुणाचं तरी चौथीचं प्रगतिपुस्तक. आणि आता पुष्कळ घरांत आणखी एक वस्तू निघते. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले रंगीत ठोकळे. लाल, पिवळे, निळे, हिरवे. वरून बटणासारखे उंचवटे, खालून पोकळ, एकावर एक दाबले की घट्ट बसणारे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या लेकरांसाठी ते आणले, ती लेकरं आज स्वतः आई-बाप झाली आहेत. मग आपण म्हणतो, कशाला हा कचरा, आणि भंगारवाल्याच्या पोत्यात ती पिशवी जाते.

आजच्या भाषणात मी या ठोकळ्यांचा इतिहास सांगणार आहे. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. पण त्यात एक सुतार आहे, एक मास्तर आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या तीन मोठ्या बाया आहेत. तो ऐकून झाल्यावर त्या पिशवीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

सुरुवात खऱ्या विटेपासून करू. वीट आपल्याला नवी नाही. आपल्या जिल्ह्यातली किती तरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला नाही तर वीटभट्टीवर जातात. वीट म्हणजे काय हे त्यांच्या तळहातांना विचारावं. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू नदीच्या खोऱ्यात हडप्पा आणि मोहेंजोदडो ही मोठी शहरं होती. तिथल्या विटांचं एक माप ठरलेलं होतं. जाडी एक, तर रुंदी दोन आणि लांबी चार. म्हणजे विटेची रुंदी जाडीच्या दुप्पट आणि लांबी रुंदीच्या दुप्पट. असं का? कारण दोन विटा शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांची मिळून रुंदी एका विटेच्या लांबीएवढी होते. मग एक थर उभा, दुसरा आडवा असं रचता येतं, आणि खालच्या सांध्यावर वरचा सांधा येत नाही. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथंच फाटते, हे कुठलाही गवंडी सांगेल. हे एक-दोन-चारचं माप लक्षात ठेवा. पुढे ते परत येणार आहे.

त्याच शहरांच्या खोदकामात लेकरांची खेळणीही निघाली. मातीची चाकं असलेल्या छोट्या गाड्या, पाखराच्या आकाराच्या शिट्ट्या, मातीचे बैल. आपण पोळ्याला मातीचे बैल करतो, तसेच. म्हणजे मोठ्यांचं जग लहान करून लेकराच्या हातात देणं ही फार जुनी रीत आहे. ओल्या वाळूत पाय घालून वरून थापत खोपा करायचा खेळ तर आपण सगळ्याच खेळलो आहोत.

पण 'रचणं' हा लेकराचा अभ्यास आहे, नुसता वेळ घालवणं नाही, असं ठामपणे मांडणारा माणूस पुष्कळ नंतर आला. त्याचं नाव फ्रेडरिक फ्रोबेल. जर्मनीतला. जन्म १७८२ सालचा. तो नऊ महिन्यांचा असतानाच त्याची आई वारली. आई नसलेलं लेकरू कसं वाढतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मोठेपणी तो मास्तर झाला. १८३७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यानं ब्लांकेनबुर्ग नावाच्या गावात लहान लेकरांसाठी जागा सुरू केली. १८४० साली तिला त्यानं 'किंडरगार्टन' असं नाव दिलं. किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग. आपण बालवाडी म्हणतो ना, तोच अर्थ. वाडी म्हणजे बागच की.

या बागेसाठी फ्रोबेलनं खेळण्यांचा एक क्रम तयार केला. त्यांना तो 'भेटी' म्हणायचा. पहिली भेट लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडाचा गोळा, चौकोनी ठोकळा आणि दंडगोल. तिसऱ्या भेटीत एक चौकोनी ठोकळा कापून आठ छोटे चौकोनी ठोकळे केलेले. आणि चौथ्या भेटीत तेवढाच ठोकळा आठ विटांत कापलेला. प्रत्येक वीट अर्धा इंच जाड, एक इंच रुंद, दोन इंच लांब. मोजून बघा. एक, दोन, चार. हडप्पाच्या विटेचंच माप. फ्रोबेलच्या काळी हडप्पाचं उत्खनन झालेलंच नव्हतं. त्यानं कुणाचं बघून घेतलं नव्हतं. नीट रचायचं म्हटलं की वीट या मापावर येते, एवढाच त्याचा अर्थ.

या ठोकळ्यांची डबी लेकराला द्यायची एक पद्धत होती. डबी उपडी करायची, झाकण अलगद ओढून घ्यायचं आणि डबी वर उचलायची. ठोकळे सांडत नाहीत, अख्खा एक चौकोन समोर उभा राहतो. मग लेकरानं तो मोडायचा आणि खुर्ची, पायरी, विहीर, जे मनात येईल ते करायचं. खेळ संपला की सगळे तुकडे परत रचून अख्खा चौकोन करायचा आणि डबीत ठेवायचा. यात मोजणं आलं, अर्धं-पाव आलं, डावं-उजवं आलं, आणि आवरून ठेवणंही आलं. तेही कुणी न रागावता.

फ्रोबेलचं आणखी एक म्हणणं होतं. लहान लेकरांना शिकवण्याचं काम बायकांनी करावं, आणि त्यासाठी त्यांना रीतसर प्रशिक्षण द्यावं. त्या काळी मास्तर म्हणजे पुरुष असंच समीकरण होतं. प्रशियाच्या सरकारला ही मुलांची बाग संशयाची वाटली आणि १८५१ साली त्यांनी तिच्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० साली. पण तोवर त्याच्याकडं आणि त्याच्या शिष्यांकडं शिकलेल्या बायकांनी हे काम दुसऱ्या देशांत नेलं होतं. मार्गारेट शुर्झ ही त्यातलीच एक. तिनं १८५६ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आपल्या घरातच लेकरं जमवून अशी बालवाडी सुरू केली. घराच्या पडवीत सुरू झालेली कामं पुढे केवढी होतात, हे आपल्या बचत गटांना कुणी शिकवायला नको.

आता ही गोष्ट आपल्याकडे वळते. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं फ्रोबेलच्या पद्धतीची बालवाडी लोकांना दाखवली होती. ते बघून एका आईनं आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी हे ठोकळे आणले. तो मुलगा म्हणजे फ्रँक लॉइड राइट, पुढे जगातला नामवंत वास्तुरचनाकार झाला. म्हातारपणीसुद्धा तो त्या लाकडी ठोकळ्यांचं ऋण सांगत असे.

बरोबर दहा वर्षांनी, १८८६ साली, त्याच फिलाडेल्फियाला आपली एक बाई पोचली. पंडिता रमाबाई. आनंदीबाई जोशी तिथल्या महिला मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, तो समारंभ पाहायला रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. तेव्हा त्या विधवा होत्या आणि पदरी एक लहान मुलगी होती. त्या समारंभ बघून परत फिरल्या नाहीत. अमेरिकेत राहून तिथल्या शाळा पाहिल्या आणि किंडरगार्टनच्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं. संस्कृतचे श्लोक तोंडपाठ असलेली, 'पंडिता' ही पदवी मिळालेली बाई लेकरांच्या ठोकळ्यांचा अभ्यास करायला बसली. का बसली असेल? १८८७ साली त्यांनी हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी बायकांसाठी तीन गोष्टी मागितल्या. स्वावलंबन, शिक्षण आणि आपल्यातल्याच शिक्षिका. डोकं भादरून कोपऱ्यात बसवलेल्या विधवेला मानानं पोट भरता येईल असं काम हवं होतं. लहान लेकरांना शिकवणं हे तसं काम होतं. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं.

रमाबाईंच्या नंतर साधारण तीस-चाळीस वर्षांनी ताराबाई मोडक आल्या. जन्म १८९२ सालचा. त्या काळात पदवीधर झालेल्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून लेकरांसाठी बालमंदिर काढलं होतं. ताराबाई तिथं जाऊन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. फ्रोबेलच्या पुढं जाऊन इटलीतल्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ पासून रोमच्या गरीब वस्तीत शिकण्याची नवी साधनं तयार केली होती. लहानमोठ्या ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, जाड-बारीक दंडगोल, अशी. मॉन्टेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे कित्येक वर्षं इथंच राहिल्या.

पण ही साधनं महाग होती. शहरातल्या पैसेवाल्यांच्या शाळेला ती परवडत होती. खेड्यातल्या लेकराचं काय? हा प्रश्न ताराबाईंनी मनावर घेतला. १९४५ साली, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. बोर्डी हे आज पालघर जिल्ह्यात आहे, समुद्राकाठचं गाव. तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. त्यांनी शिक्षण पुरं केलं, शिक्षिका झाल्या, आणि ताराबाईंच्या बरोबर उरलेलं सगळं आयुष्य या कामात घातलं.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती गरीब वस्तीतली लेकरं येईनात. आई-बाप कामाला जाणार, धाकट्या भावंडाला थोरल्या बहिणीनं सांभाळायचं, मग शाळेत कोण येणार? आपल्या भागातही हेच होतं, आणि अजून काही ठिकाणी आहे. तेव्हा या दोघींनी ठरवलं की लेकरं बालवाडीकडं येत नाहीत तर बालवाडीनं लेकरांच्या अंगणात जावं. त्यातून 'अंगणवाडी' उभी राहिली. आधी लेकरांची नखं-केस, आंघोळ, मग गाणी-गोष्टी, मग खेळ. आणि साधनं? शिंपले, गारगोट्या, चिंचोके, पानं, फुलं, माती, बांबूचे तुकडे. शिंपले लहान-मोठे लावायचे. बिया मोजायच्या. मातीचं घर करायचं. परदेशातून येणाऱ्या महागड्या पेटीचं काम अंगणातल्या वस्तूंनी केलं. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली लेकरांत गेल्या आणि तिथं जी लेकरं गुरं राखायला जायची, त्यांच्या मागं कुरणात शाळा नेली.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राचं नाव झालं अंगणवाडी. आज गावोगावच्या अंगणवाडीत जो खेळण्यांचा संच असतो, त्यात ठोकळे असतात. त्या ठोकळ्यांच्या मागं बोर्डीच्या अंगणातले शिंपले आहेत, हे आपल्या अंगणवाडी ताईंनाही सांगायला पाहिजे.

आता राहिला प्रश्न, लाकडाचा ठोकळा प्लास्टिकचा कसा झाला आणि त्याच्यावर बटणं कुठून आली. ही गोष्ट युरोपातल्या डेन्मार्क देशात घडली. बिलुंड नावाचं एक खेडं. तिथं ओले कर्क ख्रिस्तियानसेन नावाचा सुतार होता. घरं बांधायचा, शेतकऱ्यांसाठी शिड्या-स्टुलं करायचा. १९३० नंतर जगभर मंदी आली. शेतमालाला भाव राहिला नाही, शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, मग सुतारालाही काम नाही. ही साखळी आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. सोयाबीनचा भाव पडला की गावातल्या शिंप्याच्या आणि सुताराच्या दुकानातही शांतता होते. १९३२ साली त्या सुताराची बायको वारली. घरात चार मुलगे. त्याच वर्षी त्यानं उरल्यासुरल्या लाकडाची खेळणी करायला सुरुवात केली. ओढायचं बदक, गाड्या. १९३४ साली त्यानं आपल्या कामाला 'लेगो' हे नाव दिलं. त्यांच्या भाषेतल्या 'छान खेळ' या अर्थाच्या दोन शब्दांतून ते केलेलं आहे.

१९४२ साली त्याचा कारखाना जळाला. त्यानं परत उभा केला. युद्ध संपल्यावर लाकूड महाग झालं आणि प्लास्टिकचं यंत्र बाजारात आलं. इंग्लंडमधल्या हिलरी पेज नावाच्या माणसानं एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा १९४७ साली विकायला काढल्या होत्या. तो नमुना या सुताराच्या आणि त्याच्या मुलाच्या बघण्यात आला. त्यात थोडे बदल करून त्यांनी १९४९ साली आपल्या विटा काढल्या. पण त्या नीट घट्ट बसत नसत, रचलेलं हलवलं की सुटायचं. पुष्कळ खटपटीनंतर विटेच्या पोकळ पोटात नळ्या बसवल्या, तेव्हा वरची बटणं त्यांच्यात घट्ट धरली जाऊ लागली. २८ जानेवारी १९५८ या दिवशी मुलानं त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी मार्चमध्ये म्हातारा सुतार वारला. तुमच्या पेटीतला ठोकळा उलटा करून बघा. बहुतेकांच्या पोटात त्या नळ्या किंवा तशाच आधाराच्या काड्या दिसतील. दर्यापारच्या एका सुताराच्या घरातली ती खूण आहे.

आठ बटणांच्या सारख्या दोन विटा घेतल्या तर त्या २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतल्या तर १,०६० प्रकारे. आणि सहा घेतल्या तर ९१ कोटींहून जास्त प्रकारे. हे गणित तज्ज्ञांनी संगणकावर मोजलेलं आहे. सहा विटांत एवढं मावतं, मग अख्ख्या पिशवीत काय मावत असेल!

आपल्या हिंगोलीत हे ठोकळे साधारण माझ्या लहानपणी दिसायला लागले. जिल्हा व्हायचा होता. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आगेमागेचीच ही वर्षं. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात, औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत, खेळण्याच्या दुकानात फुग्यांच्या आणि पिपाण्यांच्या बाजूला या पिशव्या लटकलेल्या असायच्या. ते काही त्या डेन्मार्कवाल्यांचे नव्हते. स्वस्तातले, नाव नसलेले. आमच्याही घरी एक पिशवी आली, माझ्या भावासाठी. मला पत्र्याची भातुकली आली. तवा, परात, चूल, पाटा-वरवंटा. भातुकली मला आवडायची, तक्रार नाही. पण दुकानातच ठरलेलं असायचं, रचायचं ते पोरानं आणि रांधायचं ते पोरीनं. चार दिवस झाल्यावर आईनं ठोकळेही उचलून पेटीत ठेवले. हरवतील म्हणून. आपल्याकडं महागाची वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. कपाटाच्या काचेत प्लास्टिकच्या वेष्टनासकट बसलेली बाहुली तुमच्याही घरी असेल.

गेल्या वर्षी माहेरचं जुनं घर उतरवलं तेव्हा ती पेटी निघाली. त्रेचाळीस ठोकळे. मी ते धुऊन गटाच्या बैठकीला नेले. बचतीचे पैसे मोजून झाले, पासबुकं लिहून झाली, आणि मग सतरंजीवर ठोकळे ओतले. आधी सगळ्या हसल्या. मग एकीनं विहीर केली, एकीनं तुळशीवृंदावन. दोघीतिघींनी भिंत रचायला घेतली. ठोकळ्यावर ठोकळा सरळ ठेवत गेल्या, आणि हातभर झाली की ती उभ्या फटीत उघडून पडायची. आमच्यात एक मावशी आहेत, बारा-तेरा हंगाम वीटभट्टीवर काढलेल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "सरका बाई जरा." त्यांनी खालच्या दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर वरचा ठोकळा मधोमध बसवला. असं करत सगळी भिंत नेली. ती उचलून आम्ही हातोहात फिरवली, तरी सुटली नाही. हडप्पाच्या गवंड्याला जे माहीत होतं, फ्रोबेलनं ज्याच्यासाठी डबी केली, ते या मावशींच्या हातात होतं. त्यांना आजवर हजार विटांमागे मजुरी मिळाली, पण हे ज्ञान आहे असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांची नात शेजारी बसून बघत होती. बैठक संपली तरी ती उठेना.

मैत्रिणींनो, त्या नातीसाठी मी आज बोलते आहे. पोरगी दहावी झाली आणि आयटीआयला कुठला ट्रेड घ्यायचा असा विषय निघाला, की आपल्या तोंडून आधी शिवणकाम निघतं. शिवणकाम वाईट नाही. पण वस्तू कशी उभी राहते, कुठं आधार लागतो, कुठं तोल जातो, हे हाताला लहानपणीच कळलं तर पुढं ती गवंडीकाम, वायरिंग, यंत्र, नकाशे यांना घाबरणार नाही. ती सवय चौथ्या-पाचव्या वर्षी लागते. तेव्हा ठोकळे माळ्यावर असले तर काय उपयोग?

म्हणून यंदा पेटी उघडली की एवढं करा. ठोकळे साबणाच्या कोमट पाण्यात घालून जुन्या ब्रशनं घासा. उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकडे होतात आणि मग बसत नाहीत. सावलीत वाळवा. तडकलेले, टोकं निघालेले, रंगाचे पापुद्रे सुटणारे बाजूला काढा, ते लेकराला द्यायचे नाहीत. लेकराच्या तोंडात जाईल असा बारीक तुकडा तीन वर्षांच्या आतल्या लेकराजवळ ठेवू नका, घशात अडकतो. नवी खेळणी घ्यायची असतील तर आयएसआयचं चिन्ह बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते बंधनकारक आहे.

ज्यांच्या पेटीत ठोकळे नाहीत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. गावातल्या सुताराकडं लाकडाच्या फळीचे तुकडे पडलेले असतात. त्याला सांगून चार इंच लांब, दोन इंच रुंद, एक इंच जाड असे आठ तुकडे कापून घ्या आणि काचपेपरनं कडा घासून घ्या. दोन तुकडे शेजारी ठेवले की चार इंचाचा चौरस होतो. त्यावर दोन आडवे, पुन्हा दोन उभे, पुन्हा दोन आडवे. आठांचा मिळून चारी बाजूंनी चार इंचाचा चौकोनी ठोकळा तयार. फ्रोबेलची चौथी भेट, मापानं दुप्पट मोठी, तुमच्या घरात. तेही जमत नसेल तर रिकामी काडेपेटी साचा म्हणून घ्या, तिच्यात चिकणमाती दाबा, आणि उन्हात छोट्या विटा वाळवा. लेकरांना वाळवण्यापासूनच हाताशी घ्या.

शेवटी गटासाठी एक सूचना. आपण गटात पैसे कसे फिरवतो? एकीची बचत दुसरीच्या अडचणीला जाते आणि वेळेवर परत येते. तशीच एक खेळण्यांची पेटी गटानं ठेवावी. प्रत्येकीनं घरातलं धुतलेलं, चांगलं खेळणं आणावं. वहीत नोंद करावी, किती नग आले, कुणाकडं गेले. आठ दिवसांनी मोजून परत घ्यावे. जे जास्त असतील ते अंगणवाडी ताईंना विचारून अंगणवाडीत द्यावेत. हंगामाला जाणाऱ्या घरानं आपल्या लेकरांसाठी एक पिशवी सोबत न्यावी, कोपीवर लेकरू दिवसभर काय करणार? आल्यावर मोजून जमा करावी. एखादा नग हरवला तर हरवू द्या, त्याला दंड लावू नका. फ्रोबेलच्या डबीत खेळ संपल्यावर सगळे तुकडे परत जायचे, ती शिस्त लेकरं हळूहळू आपणच शिकतात.

आणि पहिली पिशवी पोरीच्या हातात द्या. पुढच्या बैठकीत हा विषय इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे राहून जाणार नाही. येते मी. नमस्कार.